पास फुकटचा होता म्हणून ते चिडलेले नाहीत

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. तीन वर्षं त्या वॉटर पार्क, थीम पार्क आणि जत्रेतले पाळणे यांचे व्हिडिओ मराठीतून करतात. चौदा हजार सबस्क्रायबर झालेत. मे महिन्यात एका पार्कनं बोलावून घेतलं, घरच्या चौघांचे पास दिले, पैसे दिले नाहीत. पास मिळाल्याचं त्यांनी व्हिडिओच्या खाली वर्णनात लिहिलंही होतं. तरी कॉमेंटमध्ये 'ताई विकल्या गेल्या', 'पहिल्यासारखं राहिलं नाही', 'आमचा विश्वास होता तुमच्यावर' असं सुरू झालं. लिहिणारे बरेचसे जुनेच, एरवी प्रत्येक व्हिडिओखाली बदाम टाकणारे. ताई विचारतात: मी पैसे घेतले नाहीत, मग एवढा राग कशाचा? लोक जळतात का? आणि तो व्हिडिओ काढून टाकू का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. व्हिडिओ काढू नका. काढलात की ज्यांना संशय होता त्यांची खात्री होते आणि ज्यांना नव्हता त्यांना नव्यानं येतो. बाकीचं जरा सावकाश सांगावं लागेल.

मी बेळगावचा, अनगोळला राहतो. आधी लग्नाची शूटिंग करायचो, अजूनही करतो. 2016 पासून पार्कचे व्हिडिओ करतोय आणि गेली चार वर्षं आणखी तिघांचे व्हिडिओ एडिट करून देतो. सकाळच्या चहाबरोबर कॉमेंट वाचायच्या ही सवय लागून गेलीय. माझ्याही आणि त्या तिघांच्याही. पुढे जे सांगतोय ते बहुतेक त्या वाचनातून आलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात 'मी पैसे घेतले नाहीत' हे तीनदा आलंय. म्हणजे राग पैशाचा आहे असं तुम्ही धरून चाललाय. माझा अनुभव तसा नाही. आपल्या भागातल्या प्रेक्षकाला धंदा कळतो. तुमच्याच निपाणीत तंबाखूच्या व्यवहारात दलाल दलाली घेतो हे शेतकऱ्याला माहीत असतं, त्याबद्दल तो भांडत नाही. वजनात मारलं की भांडतो. प्रेक्षकाचंही तसंच आहे. तुम्ही पोट भरायला काय करता यावर त्याची हरकत फारशी नसते. आपल्याला सांगितलेल्या मापात कमी पडलं का, एवढंच तो बघतो. मग तुमच्या व्हिडिओत वजन कुठं कमी भरलं, ते शोधायला हवं.

त्यासाठी आपला प्रेक्षक कुठं बसलाय ते आधी बघा. बेळगाव जिल्ह्यात मोठं थीम पार्क नाही. वंडरला हे पार्क बिडदीला, 2005 पासून. म्हणजे रात्री चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी बेंगळुरूला उतरायचं आणि तिथून पुन्हा म्हैसूर रोड धरायचा. इमॅजिका खोपोलीला, 2013 पासून. निपाणीहूनसुद्धा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. पुण्यातलं माणूस रविवारी सकाळी उठून खोपोलीला जातं आणि नाही आवडलं तर पुढच्या महिन्यात दुसरीकडे जातं. आपल्याकडचं घर वर्षातनं एकदा जातं, कधी दोन वर्षांतनं एकदा. त्यात गाडीभाडं, मुक्काम, तिकिटं, लॉकर, आत गेल्यावर 'हे कपडे चालणार नाहीत' म्हटलं की नायलॉनचे कपडे, आणि बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हणून आतलंच जेवण. हा सगळा खर्च तो माणूस कोणाच्या तरी शब्दावर करतो. तो शब्द तुमचा असतो.

इथं माझीच एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यातून मिळालं. 2019 च्या मार्चमध्ये एका नव्या वॉटर पार्कनं आम्हा पाच-सहा जणांना उद्घाटनाच्या आधी बोलावलं. पास फुकट, जेवण फुकट. व्हिडिओच्या सुरुवातीलाच मी तसं सांगितलं. लाटांच्या तळ्यात मी आणि माझा कॅमेरा धरणारा मित्र, बाकी कोणी नाही. निळं पाणी, वर ऊन, स्लाइडवर रांगच नाही. व्हिडिओ छान झाला, खूप चालला. जूनच्या पहिल्या आठवड्यात संकेश्वरच्या एका गृहस्थांची कॉमेंट आली. मे महिन्यातल्या एका रविवारी दोन्ही पोरांना आणि म्हाताऱ्या आईला घेऊन ते गेले होते. त्यांनी लिहिलं होतं: 'भाऊ, तुमी दाखवल्यालं पाणी आमास्नी दिसलंच न्हाई. नुसती डोस्की दिसली.'

ती ओळ वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. मी खोटं काहीच दाखवलं नव्हतं. पाणी खरंच निळं होतं. पास फुकटचा आहे हेही सांगितलं होतं, आणि त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मी ज्या पार्कमध्ये गेलो, त्या पार्कमध्ये त्यांना कधीच जाता येणार नव्हतं. रिकामं पार्क तिकीट काढणाऱ्याला विकतच मिळत नाही. मी त्यांच्या रांगेत उभा नव्हतो आणि ते मला सांगायचं सुचलंही नव्हतं.

तेव्हापासून मी कॉमेंट वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो. प्रेक्षक सगळ्यात जास्त कशाबद्दल बोलतात? रांगेबद्दल. किती वेळ उभं राहिलात, सावली होती का, पंखे होते का, रांगेतनं लघवीला जायला मिळतं का, पोरं कंटाळली का. पार्कच्या जाहिरातीत राइड असते. रांग फक्त व्लॉगरकडे असते. लोक आपल्याला बघतात ते तेवढ्यासाठी. तुम्ही घाम पुसत, ओल्या चपलांनी, हातात भेळेचा कागद घेऊन त्यांच्यातलेच एक म्हणून उभे असता. ज्या दिवशी बाजूच्या दारानं, गळ्यात पट्टा घालून थेट आत जाता, त्या दिवशी तुम्ही त्यांच्या बाजूचे राहत नाही. हे ते शब्दांत मांडत नाहीत. 'विकल्या गेल्या' म्हणतात.

आता मी तुमचा व्हिडिओ पाहिलेला नाही, म्हणून खात्रीनं सांगत नाही. पण एकदा तुमचाच व्हिडिओ लावून बघा. रांग किती सेकंद दिसते? फास्टट्रॅकनं, म्हणजे रांग टाळून, गेला असाल तर तसं बोललात का? वर्णनात लिहिलं ते मोजू नका. वर्णन उघडून वाचणारा प्रेक्षक आपल्याकडे नाही. बहुतेक घरांत व्हिडिओ टीव्हीवर लागतो आणि टीव्हीवर कोणी वर्णन उघडत नाही.

पार्क आणि कॅमेरा यांचं हे भांडण नवीन नाही. 17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा त्याचं टीव्हीवर थेट प्रक्षेपण झालं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्यांत रोनाल्ड रेगनही होते. टीव्हीवर सोहळा दिसत होता आणि आत खोट्या तिकिटांवर घुसलेली गर्दी, उन्हानं मऊ झालेलं डांबर आणि पिण्याच्या पाण्याच्या अपुऱ्या तोट्या असा प्रकार चालला होता. कॅमेऱ्यानं दाखवलेलं पार्क आणि तिकीट काढून पाहिलेलं पार्क, ही दोन पार्कं पहिल्या दिवसापासून आहेत.

अलीकडचं उदाहरण तर अगदी तुमच्या प्रश्नाला लागून आहे. डिस्नेनं फ्लोरिडात मार्च 2022 मध्ये स्टार वॉर्स सिनेमांच्या कल्पनेवर दोन रात्रींचं एक अतिशय महागडं हॉटेल काढलं. उघडण्याआधी व्लॉगरना बोलावलं, त्यांचे कौतुकाचे व्हिडिओ आले. सप्टेंबर 2023 मध्ये हॉटेल बंद झालं. मग मे 2024 मध्ये जेनी निकोल्सन नावाच्या यूट्यूबरनं त्यावर चार तासांहून मोठा व्हिडिओ टाकला. ती स्वतःचे पैसे भरून गेली होती. जेवणाच्या वेळच्या कार्यक्रमात तिला जी जागा मिळाली, तिथं डोळ्यांसमोर खांब होता. तो खांब तिनं दाखवला. चार तासांचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. फुकट जाणाऱ्याला खांबामागची खुर्ची सहसा मिळत नाही, हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं. त्याला त्या खुर्चीवरून काय दिसतं ते बघायचं असतं, कारण उद्या तिथं तोच बसणार असतो.

जळण्याबद्दल. जळणारे असतात, नाही म्हणणार नाही. पण त्यांची भाषा वेगळी असते. जळणारा तुमच्या साडीवर, गाडीवर, नवऱ्यावर बोलतो. दुखावलेला प्रेक्षक व्हिडिओवर बोलतो, तो सुद्धा मिनिटं धरून: 'बाराव्या मिनिटाला जेवणाचा दर सांगायचा राहिला.' मी एका वहीत लिहून काढतो. पहिल्या पन्नास कॉमेंट घ्यायच्या, जुन्या माणसांपुढे खूण करायची आणि त्यातल्या किती जणांनी नेमकी गोष्ट सांगितलीय ते बघायचं. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेलचे आकडे जिथं बघतो तिथं, नेहमीचे प्रेक्षक किती आणि नवे किती हेही दिसतं, आणि लोक कुठं व्हिडिओ सोडून गेले तो आलेखही. चिडलेले बहुतेक नवे असतील तर सोडून द्या, वाऱ्यावरचं बोलणं आहे. जुने असतील आणि नेमकं बोलत असतील, तर ते तुमच्यावर उपकार करतायत. ज्याला खरंच पटलेलं नाही तो भांडत नाही, निमूटपणे बघायचं थांबवतो.

आणि 'विकल्या गेल्या' हा शब्द परक्या माणसाला कोणी वापरत नाही. टायरच्या जाहिरातीतल्या नटाला कोणी म्हणतं का? तो शब्द घरच्या माणसाला लागतो. 1956 मध्ये हॉर्टन आणि वोल या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी टीव्हीवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं जे एकतर्फी नातं जमतं त्यावर लिहिलं होतं. बोलणारा थेट डोळ्यांत बघून बोलतो, म्हणून बघणाऱ्याला ओळख असल्यासारखं वाटतं. आपल्याकडे त्या ओळखीला लगेच नातं चिकटतं. दादा, ताई, वहिनी. 'वहिनी दिसल्या न्हाईत, माहेरी गेल्यात काय?' असं मला कॉमेंटमध्ये विचारतात. त्यांना तुमच्या मुलाचं नाव माहीत असतं, तुम्हाला त्यांचं नाव माहीत नसतं.

हे प्रेम खरं आहे, पण ते सांभाळताना आपण कुठं थांबायचं तेही ठरवावं लागतं. माझी मुलगी सात वर्षांची असताना गणपत गल्लीत एका अनोळखी बाईंनी तिला लांबून नावानं हाक मारली, गालावर हात फिरवला आणि 'त्या लाल घसरगुंडीवर तू रडली होतीस ना गं?' म्हणाल्या. बाई चांगल्या होत्या, हातात बाजाराची पिशवी होती, मनात काही नव्हतं. पण पोरगी माझ्या पायामागे लपली. त्या दिवसापासून तिचा चेहरा व्हिडिओत नाही. दोन-चार जणांनी विचारलं, मी सरळ कारण सांगितलं, सगळ्यांना पटलं. तुमची मुलं लहान आहेत म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

प्रेक्षकांमध्ये एक जात अशी आहे की ती कधीच पार्कला जाणार नाही. व्लॉगर सहसा त्यांना मोजत नाहीत, कारण त्यांच्यामुळे पार्कची तिकिटं खपत नाहीत. माझ्या मते ते आपले सगळ्यात निष्ठावान प्रेक्षक आहेत. खानापूर तालुक्यातल्या एका गावातला मुलगा मला अधूनमधून लिहितो. त्याची आजी पाय मोडल्यापासून खाटेवर आहे. तो संध्याकाळी तिला टीव्हीवर व्हिडिओ लावून देतो. आजीला वंडरला काय नि खोपोली काय, सगळं 'मोठी जत्रा'च. पण तिचं लक्ष दांडगं. एकदा त्यानं कळवलं, 'आजी विचारतीय, तुमी जेवलासा कुठं ते दाखवलं न्हाई. पोरगं उपाशी फिरलं काय?' मी जेवणाचा भाग एडिटमध्ये काढून टाकला होता, कंटाळवाणा वाटला म्हणून. त्या आजीसाठी ती पूर्ण दिवसाची सहल होती आणि मी तिच्यातलं दुपारचं जेवणच कापलं होतं. आता मी जेवण ठेवतो. ताटात काय होतं, किती रुपयांचं, भात गरम होता का. ज्याला जायचंय त्याच्या हिशेबाला ते लागतं आणि जिला जायचं नाही तिचं पोट भरतं.

दुसरी टोकाची मंडळी म्हणजे राइडचे वेडे. संख्येनं थोडे, पण त्यांच्यापुढे चूक खपत नाही. मी एकदा इमॅजिकातल्या नायट्रो या रोलर कोस्टरबद्दल बोलताना 'अमेरिकन कोस्टर' म्हणून गेलो. तासाभरात चिक्कोडीच्या एका कॉलेजातल्या मुलानं लिहिलं की ते बोलिजर अँड माबियार या स्विस कंपनीचं आहे, पायाखाली फरशी नसलेल्या जातीचं आहे आणि गाडी पाच वेळा उलटी होते. मी आभार मानून चुकीची दुरुस्ती कॉमेंटमध्ये सगळ्यात वर लावली. या मुलांचा राग एकाच गोष्टीवर पेटतो, चालत्या राइडवर हातात मोबाइल धरून शूटिंग. आणि ते बरोबर आहेत. शंभरच्या वेगानं चाललेल्या गाडीतनं सुटलेला फोन खालच्या माणसाच्या डोक्यात जाऊ शकतो. परवानगी घेऊन, गाडीला कॅमेरा घट्ट बसवून शूट करता येत असेल तरच करा. नसेल तर खाली उभं राहून आवाज घ्या. लोकांच्या किंकाळ्या ऐकूनही राइड कळते.

वॉटर पार्कबद्दल एक गोष्ट तुम्ही बाई असल्यामुळे तुम्हाला जास्त कळेल. आपल्या भागातल्या बायका तिथं मोठ्या संकोचानं पाण्यात उतरतात. कोणाची पहिलीच वेळ असते, ओल्या कपड्यांत असतात, सासरे बरोबर असतात. अशा वेळी मागून कोणाचा कॅमेरा फिरला तर त्यांची सहल तिथंच संपते. माझ्याकडे एडिटला येणाऱ्या एका मुलाच्या व्हिडिओत पाण्याच्या धारांखाली नाचणाऱ्या बायकांचा एक शॉट होता, चेहरे ओळखू येत होते. मी तो काढायला सांगितला, त्यानं ऐकलं नाही, दुसरीकडून एडिट करून घेतला. पुढं एका घरातनं फोन आला आणि व्हिडिओ उतरवावा लागला. मी स्वतः पाण्यातले शॉट सकाळी पार्क उघडताच घेतो किंवा कॅमेरा खाली धरून पायांचे, पाण्याचे घेतो. मोठी गर्दी दाखवायची असेल तर लांबून, उंचावरून. चेहरे नकोत. हे प्रेक्षकांच्या लक्षात येतं. 'दादा, तुमचा व्हिडिओ घरात सगळ्यांसमोर लावता येतो,' या कॉमेंटची किंमत मी फार मोठी धरतो.

भाषेचं वेगळं सांगायला नको, पण विषय निघालाय तर थोडं. आपल्या प्रेक्षकाला पुण्या-मुंबईचे चांगले मराठी व्लॉगर असताना तो तुमच्याकडे का येतो? कारण त्याच्या अडचणी तुम्हाला माहीत असतात. पुण्याचा व्लॉगर 'दिवाळीच्या सुट्टीत या' म्हणतो. आपल्या पोरांना कर्नाटकाच्या शाळेमुळे मोठी सुट्टी दसऱ्याची असते. उन्हाळ्यात आपल्या शाळा मे संपता संपता भरतात, तिकडच्या जूनच्या मध्याला. म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा खोपोलीला गर्दी आणि आपल्याला सुट्टीच नाही. हे आपल्यातलाच माणूस सांगू शकतो. बिडदीला राइडवर बसवताना कन्नडमध्ये सूचना देतात. त्या आपण मराठीत फोडून सांगितल्या तर खेड्यातल्या माणसाचा धीर वाढतो. आणि कॉमेंटमध्ये गोकाकचा कोणी कन्नडमध्ये विचारतो, त्याला मी कन्नडमध्येच उत्तर देतो. तोही तिकीट काढूनच जाणार असतो. 2014 मध्ये शहराचं सरकारी नाव बदललं तेव्हापासून शीर्षकात 'बेळगाव' की 'बेळगावी' यावरून खाली भांडणं लागतात. त्यात मी पडत नाही. दोन्हीकडच्यांना गाडीची वेळ सांगतो.

आतापर्यंतचं एकत्र धरलं तर असं होतं: जुने लोक चिडलेत कारण तुम्ही त्यांच्या आहात असं त्यांना वाटतं. आणि त्यांच्या बाजूची रांग, दर, गर्दी, जेवण व्हिडिओतून निसटलं असावं. आता करायचं काय ते.

पहिलं, कायद्याचं. भारतात जाहिरात मानक परिषदेचे व्लॉगरसाठीचे नियम 2021 पासून आहेत आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी 2023 मध्ये स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली. फुकट तिकीट, प्रवास, मुक्काम, भेटवस्तू हे सगळं त्यात येतं. पैसे घेतले नाहीत एवढ्यानं सुटका होत नाही. व्हिडिओ असेल तर ते व्हिडिओतच सांगायचं, बोलूनही आणि अक्षरांतही, फक्त वर्णनात लिहून भागत नाही. आणि ज्या भाषेत व्हिडिओ, त्याच भाषेत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. कोणी चौदा हजारवाल्या चॅनेलच्या मागे लागेल असंही मला म्हणायचं नाही. पण 'मी लिहिलं होतं' हा तुमचा बचाव प्रेक्षकांपुढे टिकला नाही, तसाच तिथंही टिकणार नाही. यूट्यूबवर सशुल्क प्रचाराचा जो खूण करायचा पर्याय आहे तोही लावा. पहिले काही सेकंद तशी पट्टी दिसते. तरी तोंडानं सांगाच. 'या पार्कनं आम्हाला चार पास फुकट दिलेत, फास्टट्रॅकनं गेलो, त्यामुळे रांगेचा अनुभव मला नाही.' दहा सेकंद लागतात.

दुसरं, आता लगेच एक कॉमेंट लिहून व्हिडिओखालच्या कॉमेंटमध्ये सगळ्यात वर लावा, म्हणजे पिन करा. 'मी पैसे घेतले नाहीत' यापासून सुरू करू नका, ते वाद घातल्यासारखं वाटतं. काय राहिलं ते सांगा. रांगेत उभी नव्हते, गर्दीच्या दिवशी गेले नव्हते, जेवणाचे दर सांगायचे राहिले, ते असे आहेत. ज्या दोघा-तिघांनी नेमकी चूक दाखवली त्यांना एकेकाला उत्तर द्या. हात जोडून माफी मागायची गरज नाही. मापात जे कमी पडलं तेवढं भरून द्या.

तिसरं, जमलं तर तिकीट काढून पुन्हा जा. मी गेलो होतो. संकेश्वरच्या त्या कॉमेंटनंतर पुढच्या रविवारी, तिकीट काढून, त्याच पार्कला. लाटांच्या तळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती, एका स्लाइडला पन्नास मिनिटं लागली, पाण्यात कोणाची तरी चप्पल तरंगत होती. सगळं दाखवलं. सकाळी उघडल्याबरोबर आधी कुठं जायचं, जेवण साडेअकराला उरकलं तर रांग कशी लागत नाही, म्हाताऱ्या माणसाला सावलीत बसायला कोणती जागा, हे सांगितलं. तो व्हिडिओ पहिल्याइतका चालला नाही. पण आजही मे महिना आला की त्याच व्हिडिओवर माणसं येतात.

हे सगळ्यांना परवडत नाही, हे मला मान्य आहे. माझ्या घरचा खर्च लग्नाच्या ऑर्डरींवर चालतो, म्हणून मी पार्कला नाही म्हणू शकतो. तुमचं घर चॅनेलवर चालत असेल तर फुकटचा पास नाकारा असं मी इथं बसून सांगणं बरं नाही. पास घ्या. पण घेताना बोलून घ्या, तेही लेखी. मी चार गोष्टी आधी कळवतो: साध्या रांगेत उभा राहणार, खाण्याचे दर दाखवणार, व्हिडिओ टाकण्याआधी तुम्हाला दाखवणार नाही, आणि पास फुकट होता हे सुरुवातीला बोलणार. काही पार्कं यावर उत्तरच देत नाहीत. मग मी जात नाही. काही हो म्हणतात, आणि त्यांच्याशी माझे आजही संबंध चांगले आहेत. एका पार्कच्या माणसानं तर व्हिडिओ बघून पिण्याच्या पाण्याची जागा दाखवणारी पाटी लावून घेतली, कारण मी ती वीस मिनिटं शोधत फिरलो होतो.

पुढच्या व्हिडिओसाठी एक सुचवतो. घरातनं निघायच्या आधी दाराच्या चौकटीशी मुलाला उभं करून उंची मोजा आणि ते दाखवा. कुठल्या राइडला किती उंची लागते ते त्या त्या पार्कच्या साइटवर असतं, तेही वाचून दाखवा. पाचशे किलोमीटर जाऊन त्या रंगीत पट्टीसमोर उभं राहिलेलं पोरगं टाचा उंच करतं, माणूस मान हलवतो आणि पोरगं बापाकडे बघतं. असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. एवढं जरी तुमच्या व्हिडिओमुळे एखाद्या घराचं टळलं, तरी ते घर तुम्हाला सोडून जाणार नाही.

पार्कला पाठवायचं ते चार ओळींचं पत्र हवं असेल तर सांगा. माझ्याकडे मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत तयार आहे, इथंच टाकतो.